भांडं नेहमी घासून परत करायचा

आमच्या आर्लिसचं एक वाक्य अख्ख्या अमेरिकेला पाठ आहे, पण ही आर्लिस कोण म्हणून विचाराल तर कुणाला सांगता यायचं नाही. ते वाक्य टी-शर्टवर छापून विकतात. मी स्वतः ते एका दाढीवाल्याच्या पोटावर वाचलंय. ‘शांत होता. भांडं नेहमी घासून परत करायचा.’

हे ती बोलली १९९१ च्या मार्चमध्ये, दारातला बर्फ फावड्यानं ओढता ओढता. सकाळी सहाला पोलिसांनी तिच्या शेजारच्या वेंडेल क्रूपला बेड्या घालून नेलं आणि नऊला टीव्हीवाली मुलगी हजर. "बाई, कसा होता तो?" असं विचारल्यावर कुणालाही वाईट बोलायचं नाही ही जिची आयुष्यभराची खोड, ती दुसरं काय बोलणार? पाच बायकांचा जीव घेतलेल्या माणसाबद्दल तिला तेवढं एकच चांगलं आठवलं, ते तिनं सांगून टाकलं आणि पुन्हा फावडं उचललं.

आर्लिस माझी भावजय, माझा थोरला भाऊ हार्लन, त्याची बायको. मी व्हर्ना. मिनेसोटात हेल्गेन नावाचं आमचं अकराशे वस्तीचं गाव आहे, तिथल्या पोस्टात मी एकतीस वर्षं खिडकीवर बसले. गावात माझ्या तोंडाला सगळे घाबरतात, आणि तिला तोंड आहे की नाही याचीच लोकांना शंका. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं तीस वर्षं पोरांना वाढलं. तिची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "वाईट नाही". हार्लननं मागणी घातली तेव्हाही ती हेच म्हणाली होती. एकदा दुकानात एका माणसानं सामानाची गाडी तिच्या पावलावर आणून उभी केली, तर ही त्याला म्हणते, "माफ करा हं." दोन बोटं काळीनिळी झाली होती.

ताटलीतला शेवटचा तुकडा आमच्याकडे कुणी उचलत नाही. अर्धा कापून घेतात, उरलेल्याचा पुन्हा अर्धा, असं करत करत शेवटी भुगा उरतो आणि तोही कुणी उचलत नाही. आर्लिस त्या भुग्याचेसुद्धा दोन भाग करील.

आणि हॉटडिश. खाली खिमा, त्यावर डब्यातलं मशरूमचं सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांच्या रांगा, आणि तासभर ओव्हनमध्ये. बाळंतपण असो, मयत असो, ऑपरेशन असो, नवा शेजारी असो, आमच्याकडे इलाज हाच. काचेच्या भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून तिच्यावर आपलं नाव लिहायचं, गरमागरम नेऊन द्यायचं. ज्याला दिलं त्यानं भांडं घासून परत आणायचं, आणि रिकामं आणायचं नाही. चार बिस्किटं घाला, दोन काकड्या घाला, पण काहीतरी घाला. माणूस कसा आहे हे बघायची आमची परीक्षा एवढीच. दुसरी कुठली असती तर बरं झालं असतं.

वेंडेल क्रूप १९७९ मध्ये तिच्या शेजारी राहायला आला. एकटा होता, पशुखाद्याच्या गिरणीचा ट्रक चालवायचा. तिसऱ्या दिवशी आर्लिसचा हॉटडिश त्याच्या दारात, आणि चौथ्या दिवशी भांडं लखलखीत होऊन परत, आत सहा टोमॅटो. झालं! वेंडेल पास. बारा वर्षं तो चर्चच्या तळघरात आमच्याबरोबर कॉफी प्यायला, माझ्या खिडकीवर तिकिटं घ्यायला आला, आणि बारा वर्षांत त्यानं हमरस्त्यावर पाच बायका मारल्या.

चौघींची नावं होती, घरं होती, कोर्टात येऊन रडणारी माणसं होती. तिसरी तेवढी बेवारशी. १९८६ च्या पानगळीत हमरस्त्याकडेच्या दलदलीत सापडली, वीसबावीस वर्षांची पोर. अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नाही. जजनं वेंडेलला विचारलं, ती कोण? म्हणाला, "नाव नव्हतं विचारलं." मग विचारलं, का केलंस हे सगळं? तर खांदे उडवून म्हणाला, "केलं, झालं."

चर्चनं वर्गणी काढून त्या पोरीला आमच्या दफनभूमीत पुरलं. दगडावर लिहिलं, ‘अनोळखी मुलगी, १९८६’. आर्लिसनं त्या दगडाला जणू दत्तकच घेतलं. दर मे महिन्यात तिथं जिरेनियमची कुंडी ठेवायची, थंडी पडायला लागली की कुंडी घरात आणायची, पुन्हा मे आला की पुन्हा तिथं. हार्लन गेल्यावर त्याच्या दगडाला गवत वाढलं, पण हिच्या नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, स्वतःच्या नवऱ्याकडे बघ की जरा!" तर म्हणाली, "हार्लनचं नाव आहे ना त्याच्या दगडावर. त्याला कोणीतरी हाक मारू शकतं."

खटल्यानंतर आमच्या गावात विद्वानांची जी रीघ लागली, ती अजून थांबलेली नाही. का केलं, का केलं, का केलं! पहिला आला तो मानसशास्त्राचा प्राध्यापक. त्याच्या मते वेंडेलची आई फार कडक होती. दुसरीच्या मते आई फारच मऊ होती. तिसऱ्यानं शोधून काढलं की सहाव्या वर्षी वेंडेल झोक्यावरून डोक्यावर पडला होता. अहो, हेल्गेनमध्ये झोक्यावरून डोक्यावर न पडलेला माणूस दाखवा मला! आमचा पाद्री दोनदा पडला होता. एकानं आमच्या हिवाळ्यावर खापर फोडलं, एकानं चर्चच्या गाण्यांवर. एका बाईनं तर हॉटडिशवर दोन तास भाषण दिलं. म्हणे शेजारणीनं सतत भरवल्यामुळे त्याच्या आत दडलेली आईची भूक चाळवली. मी मागच्या खुर्चीवरून विचारलं, "बाई, तोच हॉटडिश आम्ही दोनशे जणं चाळीस वर्षं खातोय. आम्ही नुसते जाड कसे झालो?" त्यावर तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. माझ्याबद्दलच असणार.

माझं विचाराल तर त्याला ते आवडायचं म्हणून त्यानं केलं. पण एवढ्यात पुस्तक भरत नाही.

येणारा प्रत्येक जण आर्लिसकडे यायचाच. ती त्यांना कॉफी द्यायची, केक द्यायची, त्यांची यंत्रं टेबलावर मांडायला स्वतःचे चष्मे-औषधं बाजूला सरकवायची. ते तासभर वेंडेलबद्दल विचारायचे, आणि शेवटी ही हळूच विचारायची, "त्या तिसरीचं नाव लागलं का हो?" समोरचा वायर गुंडाळता गुंडाळता म्हणायचा, "नाही ना. वाईट वाटतं." आणि निघून जायचा. सव्वीस वर्षांत तिनं हा प्रश्न किती जणांना विचारला असेल याची गणती नाही. वेंडेल २००३ मध्ये तुरुंगातच मेला, तेव्हा ती माझ्याकडे येऊन बसली आणि म्हणाली, "आता सांगणारं कुणी उरलं नाही, व्हर्ना." तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. हार्लनच्या मयतीतसुद्धा ती सँडविचेस वाटत होती.

मग २०१७ च्या जूनमध्ये ब्रॅडन पायक आला. हा इंटरनेटवर खुन्यांच्या गोष्टी सांगतो, लोक म्हणे भांडी घासताना ऐकतात. टी-शर्ट घातलेला दाढीवाला तो हाच. मी त्या दिवशी आर्लिसकडेच होते, कारण असल्या माणसांबरोबर तिला एकटं सोडलं तर ती त्यांना घर लिहून देईल.

"आजी, तुमच्यासाठी एक सरप्राइज आहे," असं म्हणून त्यानं पिशवीतून कापसात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. काचेचं भांडं, बाहेरून गव्हाच्या लोंब्यांची नक्षी. "वेंडेल क्रूपच्या स्वयंपाकघरातलं खरंखुरं भांडं! एका संग्राहकाकडून चारशे डॉलरना घेतलं. बुडाला तुमचं नाव आहे बघा. यावर सही कराल? श्रोत्यांसाठी बक्षीस ठेवणारे मी."

आर्लिसनं भांडं उलटं केलं. चिकटपट्टीवर तिच्याच अक्षरात ‘आर्लिस टोनेसन’. तिनं ते दोन्ही हातांत धरलं.

"हे माझं," ती म्हणाली.

"तेच तर!" पायक खुश.

"म्हणजे ते त्याच्याकडेच राहिलं होतं." ती माझ्याकडे वळली. चेहरा पांढराफटक. "व्हर्ना, लेडी फ्रेंडचं भांडं."

तिनं तेवढं म्हटलं आणि मी वरच्या फळीकडे पाहिलं. सांगते का ते.

१९८६ च्या पानगळीत वेंडेलनं एकदा भांडं परत आणलं, घासलेलं, आत टोमॅटो, सगळं रीतसर. पण भांडं आर्लिसचं नव्हतं. हिच्या भांड्यावर गव्हाच्या लोंब्या, आलेल्यावर निळी फुलं. तुम्ही-आम्ही काय म्हटलं असतं? "अहो, हे माझं नाही." पण आर्लिसला वाटलं, बिचारा ओशाळेल. तिनं "थँक्यू" म्हटलं आणि दार लावून घेतलं. मग आम्ही दोघींनी भांडं उलटं करून पाहिलं. ‘मिसेस ओटिलिया राऊ, केल्सी चर्च, साउथ डकोटा’. मी तर आनंदानं टाळी वाजवली! वेंडेलला साउथ डकोटाची कुणी बाई हॉटडिश पाठवतेय, म्हणजे स्वारीचं कुठंतरी जुळलंय! विधवाच असणार, म्हटलं, आणि तिचं नाव ‘लेडी फ्रेंड’ ठेवलं. रविवारपर्यंत ही बातमी गावभर झाली, आणि ती मी केली. तळघरात आम्ही त्याला चिडवलंसुद्धा. "काय वेंडेल, साउथ डकोटा काय म्हणतंय?" तो लाजून हसला होता. तो लाजला होता, देवा!

आर्लिसनं ते भांडं वरच्या फळीवर मागे ठेवून दिलं. दुसऱ्या बाईचं भांडं वापरायचं नाही, आणि टाकायचं तर त्याहून नाही. हिचं भांडं चुकून साउथ डकोटाला त्या बाईकडे गेलं असणार अशी आमची समजूत; ते तर त्याच्याच घरात होतं, मग निळं भांडं त्याच्याकडे कुणाकडून आलं, त्याच पानगळीत सापडलेल्या त्या पोरीकडून?

"पण १९९१ मध्ये पोलिसांना का नाही दाखवलंत?" सगळं ऐकून पायकनं विचारलं. एवढा एकच शहाणा प्रश्न त्यानं त्या दिवशी विचारला.

आर्लिस म्हणाली, "मनात आलं होतं. पण वाटलं, ती बाई आधीच शरमेनं मेली असेल. असल्या माणसावर जीव लावून बसलेली. तिचं नाव कशाला पेपरात आणायचं?"

मी खुर्चीवर चढले. एकोणऐंशीव्या वर्षी हिला चढू देणार नव्हते, मी सत्त्याहत्तरची. फळीच्या मागच्या कोपऱ्यातून निळ्या फुलांचं भांडं काढलं. पट्टी पिवळी पडली होती, पण अक्षर स्वच्छ होतं.

पायकला तर अंगात आल्यासारखं झालं. "अरे देवा! आजी, हा नववा भाग! हे असंच पुन्हा एकदा काढाल का? खुर्चीवर चढण्यापासून?"

आर्लिस उठली. "कॉफी संपली बघा," ती म्हणाली. आमच्या गावात याहून मोठी शिवी नाही. त्याला पहिल्यांदा समजलंच नाही, मग मी दार उघडून धरलं. त्यानं लोंब्यांच्या भांड्याकडे हात केला, तर आर्लिसनं ते आधीच सिंकमध्ये घातलं होतं आणि त्यावर गरम पाणी सोडलं होतं. "आणून दिलंत, फार उपकार झाले," ती म्हणाली. चारशे डॉलर साबणाच्या फेसात गेलेले बघत तो उभा राहिला.

तो गेल्यावर मी म्हटलं, "आणि रिकामं आणलंन, पाहिलंस ना?"

केल्सी चर्चला फोन मी केला. तिथल्या पाद्रीणबाई म्हणाल्या, ओटिलिया राऊ आहेत, शहाऐंशी वर्षांच्या, दर रविवारी पुढच्या बाकावर. मुलंबाळं? एक मुलगी होती हो, डॉरीन. १९८६ मध्ये मिनियापोलिसला कामाला म्हणून बसनं निघाली, ती परत आली नाही. आईनं काही महिन्यांनी तिकडच्या पोलिसांत कळवलं होतं. तिकडचा कागद तिकडे राहिला, इकडची पोर इकडे.

शेरीफनं निळं भांडं नेलं, म्हाताऱ्या बाईच्या गालातून नमुना घेतला, आणि सप्टेंबरात कळवलं की जुळलं. दगडावर नाव कोरायला कारागीर आला तेव्हा आर्लिस बाजूला घडीची खुर्ची टाकून बसून राहिली, शेवटचं अक्षर होईपर्यंत. घरी आल्यावर म्हणाली, "आता भांडं परत करायला हवं."

शेरीफ म्हणाला, जमणार नाही, पुरावा आहे. मला वाटलं, झालं, ही आता "काही हरकत नाही" म्हणेल आणि घरी जाईल. बाई त्याच्या टेबलासमोर बसली. पर्स मांडीवर, कोट अंगात.

"आर्लिसबाई, नियम आहेत हो."

"असतील."

"खुनी मेलाय, केस बंद आहे, पण तरी..."

"मग बंद केसला भांडं कशाला लागतं?"

अडीच तास बसली. पूर्ण आयुष्यात तिनं कुणाची एवढी गैरसोय केली नसेल. ह्या शेरीफला तिनं शाळेत सहा वर्षं जेवण वाढलंय, तो तिच्या नजरेला नजर देईना. शेवटी त्यानं फोटो काढले, तीन कागदांवर सह्या घेतल्या आणि भांडं तिच्या मांडीवर ठेवलं. गाडीत बसल्यावर तिनं भांडं पुन्हा मांडीवर घेतलं. म्हणाली, "एकतीस वर्षांपूर्वी हे एवढं जमलं असतं ना, व्हर्ना, दारात उभ्या माणसाला नुसतं ‘हे माझं नाही’ म्हणायचं..."

"गप बस," मी म्हटलं. "आणि मी टाळ्या वाजवत होते, त्याचं काय?"

मग प्रश्न पडला, आत काय घालायचं? रिकामं तर न्यायचं नाही. तिनं बिस्किटं केली, डब्यात भरून ठेवली. पाव केला, तोही नको. टोमॅटोचं तर नावच काढायला नको. आठ दिवस तिनं ते भांडं स्वयंपाकघरात मधोमध ठेवलं होतं. शेवटी दफनभूमीत जाऊन जिरेनियमची कुंडी उचलून आणली आणि त्यात ठेवली. बरोबर बसली.

सहा तास मी गाडी चालवली. केल्सीत पायकसाहेब आमच्या आधी पोचले असतील अशी मला धास्ती होती, पण नव्हते. ओटिलिया राऊनं काठी टेकत दार उघडलं, आम्हाला थेट स्वयंपाकघरात नेलं, कॉफी तयारच होती. ताटलीत केकचे तुकडे. आम्ही तिघींनी मिळून एक संपवला आणि दुसरा अर्धा केला. हवेबद्दल बोललो. रस्त्याबद्दल बोललो. भांडं टेबलावर मधोमध.

मग तिनं कुंडी उचलून बाजूला ठेवली, भांडं उलटं केलं आणि पट्टीवरून बोट फिरवलं.

"माझंच अक्षर," ती म्हणाली. "डॉरीनला हॉटडिश भरून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं होतं. म्हटलं, शहरात गेल्यावर पहिल्या दिवशी काय खाशील? आणि नाताळला येशील तेव्हा भांडं परत आण, विसरशील. तर चिडली. म्हणे, आई, तुला माझ्यापेक्षा भांड्याची काळजी. तशीच बसमध्ये चढली. नाताळला आली नाही तेव्हा मला वाटलं, राग गेला नाही अजून. मीही हटून बसले. मी का फोन करू? पोलिसांत गेले तोवर मार्च उजाडला."

आर्लिसनं कप खाली ठेवला. "त्यानं हे माझ्या दारात आणलं तेव्हाच मी बोलायला हवं होतं. हे माझं नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी बोलले नाही. माझी चूक झाली हो, मोठी चूक झाली."

ओटिलियानं तिच्याकडे पाहिलं. "चुकीचं भांडं आलं म्हणून कोण बोलतं?" ती म्हणाली. "मीसुद्धा नसते बोलले."

ओटिलियानं भांडं सुलटं केलं, आत बघितलं, काठावरून हात फिरवला. इतके विद्वान आले, इतके प्रश्न विचारून गेले, त्यातला एकही तिनं विचारला नाही. वेंडेल क्रूप का, कसा, त्याची आई कशी होती, काही नाही.

"तिनं खाल्लं होतं का हो?" तिनं विचारलं.

आम्हाला काय माहीत? ते भांडं घासून आलं होतं, आत त्याचे टोमॅटो होते. हे मला माहीत होतं, आर्लिसला माहीत होतं.

"खाल्लं होतं," आर्लिस म्हणाली. "अगदी चाटूनपुसून. कडेला एक कणसुद्धा राहिला नव्हता."

मी तिला साठ वर्षं ओळखते, ती कधी खोटं बोलली नव्हती. ओटिलिया माझ्याकडे वळली, तेव्हा मीही मान हलवली.

"तिला आवडायचा," ओटिलिया म्हणाली, आणि उरलेला अर्धा तुकडा तिनं आर्लिसच्या ताटलीत वाढला. आर्लिसनं तो पूर्ण खाल्ला.